काचेचा सिलिंडर

साहेबांच्या पंचाहत्तरीची बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी शेडमध्ये पाण्याच्या मोटरीचा शाफ्ट लेथवर लावून बसलो होतो. कारखान्यातल्या जुन्या कामगारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मला त्यात कुणी घेतलं ठाऊक नाही आणि मी त्यात कधी बोलत नाही. उन्हाळ्याचे दिवस होते. सत्कार दिवाळीनंतर बीडला मंगल कार्यालयात करायचा, त्यासाठी समिती नेमली आहे आणि जुन्या सहकाऱ्यांनी येताना साहेबांसाठी एखादी आठवण घेऊन यावी, असं लिहिलं होतं. खाली पन्नास जणांनी हात जोडले होते.

मी लेथ बंद केला आणि ते पुन्हा वाचलं. माझ्याकडे साहेबांची एकच आठवण होती. ती मी वीसेक वर्षं जपून ठेवली होती.

ती अशी. मी साखर कारखान्यात फिटर होतो. साहेब तिथले इंजिनीअर, सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात. गळीत हंगाम सुरू व्हायच्या दिवशी मोळीपूजन असतं. पुढारी येतात, उसाची पहिली मोळी टाकतात, नारळ फुटतो आणि सगळं एकदम फिरायला लागतं. त्या वर्षी एका पंपाचं वाफेवरचं जुनं इंजिन तेवढं सुरू व्हायचं राहिलं होतं. सहा महिने बंद, गार पडलेलं. गार सिलिंडरमध्ये वाफ सोडली की तिचं पाणी होतं. हे पाणी आधी खालच्या कॉकमधून, म्हणजे तोटीतून, काढून टाकावं लागतं, कारण वाफ दबते, पाणी दबत नाही. पिस्टन त्या पाण्यावर आपटला तर सिलिंडरचं झाकण फुटतं. ही गोष्ट शिकाऊ पोरालासुद्धा पहिल्या आठवड्यात सांगतात.

मी कॉक उघडायला वाकलो होतो. साहेब मागून आले. अंगात नवा कोट.

"कशाला थांबलायस?"

"साहेब, पाच मिनिटं. पाणी काढतो."

"पाहुणे उभे आहेत. सोड वाफ."

"मी न्हाई सोडत," मी म्हणालो. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच नाही म्हणालो होतो. त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह फिरवला. इंजिनाचे दोन फेरे झाले असतील, आणि तोफेसारखा आवाज झाला. झाकण फुटलं. त्याचा एक तुकडा उडून ऑईलमनच्या पायावर बसला. ऑईलमन म्हणजे यंत्रांना तेल देणारा गडी, माझ्याच वयाचा, तेव्हा हंगामी होता. त्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. साहेबांनी अहवालात लिहिलं की सिलिंडर कोरडा होता, पाणी नव्हतंच. फिटरनं पिस्टनचा नट नीट आवळला नव्हता, तो ढिला होऊन अपघात झाला. त्याखाली साक्षीदार म्हणून ऑईलमनची सही होती. तो महिनाभरात कायम झाला. मला काढून टाकलं.

नोकरी गेली त्याचं मला एवढं नाही. हाताला काम येत होतं, मी वडवणीला परत आलो, घरामागं पत्र्याचं शेड घातलं, भंगारातून एक जुना लेथ आणून उभा केला. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या गाड्यांची चाकं घेऊन यायच्या, एरवी मोटरी, ट्रॅक्टर. पोट भरलं. पण कारखान्यातून नाव माझ्याआधी गावात येऊन बसलं होतं. ढिला नट. ऊसतोडीहून येणारे जाणारे ते नाव घेऊन आले आणि ते मला चिकटलं. बाजारात, एसटी स्टँडवर, कटिंगच्या दुकानात. "ए, ढिल्या नटाकडं टाक की गाडी." बायको नळावर गेली की बाया पाठीमागं हसायच्या. मुलीच्या लग्नात, मांडवात, तिच्या सासरचा एक पाहुणा जेवता जेवता म्हणाला, "मुलगी नीट आवळून दिली ना, का ढिलीच हाय?" पंगत हसली. मी वाढपी होतो. हातात आमटीची बादली होती. ती मी खाली ठेवली आणि शेडमध्ये जाऊन बसलो.

म्हणून आठवण न्यायचं मी ठरवलं. तेच इंजिन न्यायचं. लहान, हातात मावेल एवढं, पण खरोखर वाफेवर चालणारं. आणि त्याचा सिलिंडर काचेचा करायचा, म्हणजे आत काय चाललंय ते तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही दिसेल.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"काच कुठून आणायची?" एवढंच तिनं विचारलं.

मग वाटही तिनंच सुचवली. ती पंधरा वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पूर्वी इंजेक्शनच्या पिचकाऱ्या काचेच्या असायच्या, उकळत्या पाण्यात घालून पुन्हा वापरायच्या. डॉक्टर आता थकले होते, पण कपाटात एका डब्यात त्या तशाच पडलेल्या होत्या. ती दुसऱ्या दिवशी पदराखाली डबा घेऊन आली. आत सात मोठ्या पिचकाऱ्या, कापसात गुंडाळलेल्या. मी एक हातात घेतली, दट्ट्या आत सरकवला, टोकावर बोट दाबलं आणि ओढून सोडला. तो टपकन जागेवर परत गेला. हवासुद्धा सुटत नव्हती. असा पिस्टन आणि असा सिलिंडर मला लेथवर जन्मात जमला नसता. शिवाय ती काच उकळण्यासाठीच केलेली, वाफेला भिणार नव्हती.

पहिल्या तीन पिचकाऱ्या कापतानाच गेल्या. काचेला करवत चालत नाही; हिऱ्याची कणी लावलेली चकती लागते, वर सतत पाण्याची धार, आणि हात जराही घाई करता कामा नये. मी आयुष्यभर लोखंड कापलं, लोखंड थोडं समजून घेतं. काच घेत नाही. तिसरी फुटली तेव्हा मी चकती फेकून दिली आणि दोन दिवस शेडकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं चकती शोधून, धुऊन लेथवर आणून ठेवली.

"दिवाळी काय लांब न्हाई," ती म्हणाली.

चौथी कापली गेली.

बाकीचं अंग हळूहळू होत गेलं. सायकलच्या एक्सलपासून चाक फिरवणारा क्रँक केला. पितळी पट्टीचा कनेक्टिंग रॉड. फ्लायव्हीलच्या जड चाकासाठी एका जुन्या मोटरीचं बिडाचं झाकण कातलं, अंगठ्यानं ढकललं तर मिनिटभर फिरत राहील इतकं तोलून. सगळ्यात त्रास दिला वाफेच्या झडपेनं. वाफ योग्य वेळी आत आणि योग्य वेळी बाहेर गेली पाहिजे. केसभर फरक पडला की इंजिन उलटं फिरतं नाहीतर फिरतच नाही. पावसाळा त्यातच गेला. बॉयलर तांब्याच्या जाड नळीचा, दोन्ही बाजूंना चकत्या झाळलेल्या, वर दाब जास्त झाला की आपोआप उघडणारी झडप, खाली स्पिरिटचा दिवा. काम करताना मी मनातल्या मनात साहेबांशी बोलायचो. कधी कधी मोठ्यानंही. शेजारी म्हणायचे, मिस्त्री आता एकटाच बडबडतो. ते खरं होतं. पण मी बडबडत नव्हतो, मी जाब विचारत होतो, आणि साहेब मला रोज वेगळं उत्तर द्यायचे, आणि रोज मी ते खोडून काढायचो.

सिलिंडरच्या तळाला पाणी काढायचा कॉक बसवायची वेळ आली तेव्हा बायको तिथं होती.

"ही तोटी कशाला?" तिनं विचारलं. "नसली तर फुटंलच की."

"खऱ्या इंजिनाला होती. त्यानं उघडली न्हाई. न बसवता नेलं तर ती लबाडी व्हईल."

तिनं तोटी फिरवून बघितली. "मंग त्यानं उघडली म्हंजे?"

"न्हाई उघडणार. त्याला घाई असती."

कॉक मी मुद्दाम समोर बसवला, चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला, पितळ घासून चकचकीत करून. मग चौथी पिचकारी मीच फोडली. गार सिलिंडरमध्ये वाफ सोडली, पाणी धरू दिलं, आणि बघितलं. काचेत थेंब जमले, तळाशी पाण्याची पट्टी झाली, पिस्टन तिच्यावर गेला आणि कटकन आवाज होऊन काच टोकापासून मागपर्यंत तडकली. मला हवं होतं तसंच. पाचवी बसवली आणि काचेभोवती पारदर्शक प्लास्टिकचं आवरण केलं, तुकडे उडू नयेत म्हणून. मला त्याचा डोळा नको होता. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

सत्काराच्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं बीडला निघालो. इंजिनाची लाकडी पेटी मी मांडीवर घेतली होती, बायकोच्या पिशवीत स्पिरिटची बाटली. कंडक्टरनं विचारलं, आत काय हाय. मी म्हणालो, भेट हाय.

कार्यालय भरलं होतं. साहेब स्टेजवर, फेटा बांधलेले, कानात मशीन. केवढे वाळले होते. मी वीस वर्षं ज्या माणसाशी भांडत होतो त्याला भरदार खांदे होते. हा कुणी दुसराच वाटला. मला त्याचा राग आला. माझा साहेब पळून गेला आणि जागेवर हा म्हातारा बसवून गेला असं वाटलं. तिसऱ्या रांगेत जुने कामगार बसले होते, त्यात ऑईलमनही होता, काठी पुढं धरून. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली.

भाषणं झाली. साहेब किती शिस्तीचे, किती बारीक नजरेचे. मग भेटी सुरू झाल्या. माझा नंबर आला तेव्हा पेटी उघडून इंजिन टेबलावर ठेवलं. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "आमच्या जुन्या फिटरनी साहेबांसाठी स्वतःच्या हातानं चालतं इंजिन बनवून आणलंय." टाळ्या पडल्या. साहेबांनी चष्मा वर केला.

"तू फिटर ना?"

"हो साहेब."

ते इंजिनाकडं बघायला लागले आणि बघतच राहिले. इंजिन ओळखलं त्यांनी. ओळखलं हे मला कळलं, कारण त्यांनी एकदाही काय आहे असं विचारलं नाही. मी दिवा लावला. बॉयलरमधलं पाणी मी घरून थर्मासमध्ये कढत आणलं होतं, त्यामुळं दाब लवकर चढला. मी बाजूला झालो.

"साहेब, तुमच्या हातानं सुरू करा."

बायको दुसऱ्या रांगेच्या टोकाला उभी होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

साहेबांचा हात व्हॉल्व्हवर गेला. त्यांनी व्हॉल्व्ह अगदी थोडासा उघडला. काच धुरकट झाली, मग आत थेंब धरले. लोक माना उंच करून बघत होते. आता व्हॉल्व्हला फक्त अर्धा फेरा हवा होता.

आणि त्यांचा दुसरा हात कॉकवर गेला. शांतपणे, न बघता, सवयीनं जावा तसा. त्यांनी कॉक उघडला. पाणी टपटप टेबलावरच्या चादरीवर पडलं. ते थांबले. पाण्याच्या जागी कोरडी वाफ येईपर्यंत थांबले, कॉक बंद केला, मग व्हॉल्व्ह उघडला. फ्लायव्हील हललं, अडखळलं, आणि इंजिन सुरू झालं. अप्रतिम चालत होतं. सगळं कार्यालय टाळ्या वाजवत होतं. सात महिन्यांचं काम त्यांच्या बोटाखाली गरीब जनावरासारखं चालत होतं. बायकोकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

मी माझी भेट घेऊन गप खाली उतरलो असतो. पण चादरीवर ओला डाग पसरत होता आणि माझी नजर त्यावर होती. आणि मला एकदम कळलं की त्यांनी मला काय दिलंय.

सूत्रसंचालकानं माइक आमच्या दोघांच्या मध्ये धरलेलाच होता.

"साहेब," मी विचारलं, "हे पाणी कुठून आलं?"

ते इंजिनाच्या नादात होते. शिकवावं तसं म्हणाले, "सिलिंडर गार होता ना. वाफेचं पाणी होणारच. ते आधी काढावं लागतं."

"दर वेळी व्हतं?"

"गार असेल तर दर वेळी."

"आन न्हाई काढलं तर?"

"तर फुटेल."

"नट घट्ट असला तरी?"

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मला जे बघायचं होतं ते हेच होतं; मी डोळे हलवले नाहीत. इंजिन चालूच होतं, त्याचा टकटक आवाज माइकमधून सगळीकडं जात होता.

"तुमच्या अहवालात पाणी नव्हतं, साहेब," मी म्हणालो. "सिलिंडर कोरडा लिहिला होता तुमी. सहा महिने बंद पडलेलं इंजिन, आन कोरडं कसं?"

सूत्रसंचालक माइक मागं घ्यायला लागला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत काठी वाजली. ऑईलमन उभा राहिला होता.

"पाणी होतं," तो म्हणाला. त्याला माइक लागला नाही. "बोटं माझी गेली, मला ठावं हाय. सायबानंच व्हॉल्व्ह फिरवला. आन पाणी नव्हतं अशी सही मी केली. मला कायम केलं म्हणून केली."

कुणीतरी जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. कुणी उठलं नाही. साहेबांचा मुलगा धावत स्टेजवर आला. मी दिवा विझवला, इंजिन गार होईपर्यंत तिथंच उभा राहिलो, पेटीत घातलं आणि परत घेऊन आलो. भेट म्हणून नेलं होतं, पण दिलं नाही.

बाहेर बायको म्हणाली, "त्यानं तोटी उघडली तवा माझा जीव गेलता." आणि मग हसायला लागली, रस्त्यात, डोळ्याला पदर लावून. तिला असं हसताना मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. ऑईलमन काठी टेकत मागं आला. "मिस्त्री," तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, "तू वीस वर्षांनी बोललास. मला बी वीस वर्षं लागतील." आणि आम्ही स्टँडकडं निघालो.

आठ दिवसांनी साहेबांच्या मुलाचा फोन आला. वडील भेटायला बोलावतात. मी म्हणालो, लेखी देणार असतील तर येतो.

त्यांच्या घरी कागद तयार होता. छान अक्षर. मी वाचला. लिहिलं होतं की त्या दिवशी कदाचित सिलिंडरमध्ये पाणी असावं आणि पुरेशी काळजी घेतली गेली नाही.

"कदाचित काढा," मी म्हणालो.

त्यांनी दुसरा कागद घेतला.

"काळजी घेतली गेली न्हाई म्हंजे? कुणी घेतली न्हाई?"

त्यांच्या सुनेनं चहा आणला होता, ती दारातच थांबली. मी कसाई असल्यासारखी माझ्याकडं बघत होती. साहेबांनी तिसरा कागद घेतला. ओळ वाकडी जात होती. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मी खुर्चीतून हललो नाही. शेवटी लिहून झालं: पाणी होतं, फिटर पाणी काढत असताना त्याला मी थांबवलं, व्हॉल्व्ह मी उघडला, नट घट्ट होता, अहवाल खोटा होता. खाली सही.

"पूर्ण नाव लिहा," मी म्हणालो.

लिहिलं. मग पेन खाली ठेवून ते म्हणाले, "तुला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. मांजरसुंब्यापर्यंत आलो. चहा घेतला आणि परत फिरलो."

"मांजरसुंब्याहून वडवणी काय फार लांब न्हाई, साहेब."

मी कागद घडी करून खिशात घातला. चहा मी घेतला नाही.

कागदाचा फोटो मी ग्रुपवर टाकला. मी टाकलेला तो पहिला आणि शेवटचा मेसेज. झेरॉक्स काढल्या. एक कारखान्याच्या गेटसमोरच्या चहावाल्याला दिली, एक कटिंगच्या दुकानात आरशाशेजारी चिकटवली, एक मुलीच्या सासरी पोस्टानं पाठवली. नळावर बायकोनं स्वतः वाचून दाखवली, दोनदा.

आता काही जण म्हणतात, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर असं करायला नको होतं. घरी जाऊन तीन-तीन वेळा लिहून घ्यायला नको होतं. परवा आमच्या जावयानंही तेच सांगितलं, सौम्य शब्दांत. मी त्याला म्हणालो, तो म्हातारा झाला त्यात माझी काय चूक? मी बी झालो.